सरकार कुणाला जामीन राहतं? अमेरिकेतल्या खेड्यांच्या गृहकर्जाचा इतिहास

मागच्या काही भागांत आपण बँका कशा उभ्या राहिल्या, नोटा कशा आल्या, सोनं कसं मागे पडलं यावर बोललो. त्या भागांखाली एक प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिला. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू, सगळीकडून. प्रश्न असा की अमेरिकेत राहणारे नातेवाईक सांगतात, तिकडे एका लहान काऊंटीत घर घेतलं आणि एक डॉलरही आगाऊ भरावा लागला नाही, हे खरं आहे का? आणि खरं असेल तर बँकेला असं कर्ज परवडतं कसं?

हे खरं आहे. आणि त्यातली मजेची गोष्ट अशी की या कर्जामागे उभं असलेलं खातं गृहनिर्माणाचं नाही, अर्थखातंही नाही. ते कृषी खातं आहे. गहू, कापूस, दूध यांचे हिशेब ठेवणारं खातं घरासाठी कर्ज देतं, किंवा बँकेने दिलेल्या कर्जाला जामीन राहतं. घराचं काम शेतीखात्याकडे का गेलं, याचं उत्तर शोधायला गेलं की जवळजवळ नव्वद वर्षांचा इतिहास उलगडतो. आज तोच सांगतो. त्यात योजनांची नावं येतील, सालं येतील. पण तुम्ही एकच प्रश्न डोक्यात ठेवा: सरकार जामीन राहतं ते नेमकं कुणाला?

आधी एक शब्द समजून घेऊ. काऊंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्या तालुक्याहून मोठा आणि जिल्ह्याच्या जवळपास जाणारा विभाग. अमेरिकेत अशा तीन हजारांहून जास्त काऊंट्या आहेत. जमिनीची नोंद, मालमत्ता कर, न्यायालय, तुरुंग हे सगळं बहुतेक ठिकाणी काऊंटीच्या पातळीवर चालतं. त्यामुळे खेड्यातल्या माणसासाठी सरकार म्हणजे पुष्कळदा काऊंटीच्या गावातली कचेरी.

तीन-पाच वर्षांचं कर्ज

१९२० च्या दशकात अमेरिकेतलं गृहकर्ज आजच्यासारखं नव्हतं. घराच्या किमतीच्या जवळजवळ निम्मी रक्कम स्वतःकडून घालावी लागे. कर्जाची मुदत तीन ते पाच वर्षं, फार तर दहा. अनेक कर्जांत मुदतभर नुसतं व्याज भरायचं आणि शेवटी मुद्दल एकदम फेडायचं. एवढं मुद्दल कुणाकडे असणार? मग मुदत संपली की कर्ज नव्याने घ्यायचं. तेजीच्या दिवसांत हे चालून गेलं. १९२९ नंतर महामंदी आली, बँका बुडाल्या, आणि कर्ज नव्याने द्यायला कुणी उरलं नाही. १९३३ मध्ये देशभरात रोज सुमारे एक हजार घरांवर जप्ती येत होती.

त्या वर्षी रूझवेल्ट सरकारने एक महामंडळ काढलं, होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन. त्याने तीन वर्षांत सुमारे दहा लाख घरमालकांची बुडीत जाऊ लागलेली कर्जं स्वतःकडे घेतली आणि त्यांना लांब मुदतीचे, दरमहा समान हप्ते बांधून दिले. पुढच्या वर्षी, १९३४ मध्ये, फेडरल हाऊसिंग ॲडमिनिस्ट्रेशन स्थापन झालं. या संस्थेने स्वतः कर्ज दिलं नाही. कर्ज बँकच देणार. कर्जदाराकडून विम्याचा थोडा हप्ता घ्यायचा, आणि कर्ज बुडालं तर सरकारने बँकेचं नुकसान भरून द्यायचं.

इथे जरा थांबू, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. आपल्याकडे पतपेढीतून कर्ज घेताना जामीनदार लागतो. जामीनदार खिशातून काही काढून देत नाही. तो फक्त सही करतो. पण त्या सहीमुळे पतपेढीचा जीव भांड्यात पडतो. १९३४ मध्ये अमेरिकी सरकारने नेमकं हेच केलं. ते लक्षावधी लोकांना जामीन राहिलं. बँकांची भीती गेली, तेव्हा मुदत वीस वर्षांवर गेली आणि स्वतःकडून घालायची रक्कम निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली. आज जगभर जे गृहकर्ज आपण ओळखतो, लांब मुदतीचं, समान हप्त्यांचं, त्याचा पाया मोठ्या प्रमाणावर तिथे घातला गेला.

मात्र जामीनदार सही करण्याआधी माणूस बघतो. हा जामीनदारही बघत होता. या संस्थेच्या नियमांत कृष्णवर्णीय वस्त्या उघडपणे धोक्याच्या मानल्या होत्या आणि तिथल्या घरांना विमा मिळणं जवळजवळ अशक्य होतं. शहरातल्या या भेदभावाबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. खेड्यांचं काय झालं, हे मात्र कमी सांगितलं जातं.

खेड्यात हे का पोचलं नाही

विमा सरकारचा असला तरी कर्ज बँकेने द्यायचं होतं. खेड्यात मुळात बँका थोड्या, आणि ज्या होत्या त्यांतल्या कितीतरी मंदीत बंद पडलेल्या. शिवाय विम्यासाठी घराचे काही दर्जे ठरलेले होते. नळाचं पाणी हवं, सांडपाण्याची सोय हवी. अमेरिकेत घरांची पहिली राष्ट्रीय मोजणी १९४० च्या जनगणनेबरोबर झाली. तिच्यात दिसलं की देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत गरम आणि गार नळाचं पाणी, न्हाणी आणि फ्लशचा संडास, ही सोय पूर्ण नव्हती. हा देशाचा आकडा, शहरं धरून. खेड्यांत तर परिस्थिती याहून कितीतरी वाईट होती. म्हणजे ज्याचं घर सगळ्यात वाईट, त्याचंच घर कर्जाच्या दर्जात बसत नव्हतं.

शिवाय शेतीचं उत्पन्न महिन्याला येत नाही. ते पीक आल्यावर येतं. दरमहा पगार मिळणाऱ्यासाठी बेतलेला हप्ता शेतकऱ्याला नीट बसत नाही, मजुराला तर त्याहून नाही.

म्हणून खेड्यांसाठी वेगळी वाट काढावी लागली आणि ती शेतीखात्यातून गेली. १९३५ मध्ये रीसेटलमेंट ॲडमिनिस्ट्रेशन हा विभाग निघाला. १९३७ मध्ये बँकहेड-जोन्स कायदा आला. कुळांना जमीन विकत घेता यावी म्हणून त्यात ४० वर्षांच्या मुदतीचं, तीन टक्के व्याजाचं कर्ज होतं. त्याच वर्षी विभागाचं नाव बदलून फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन झालं. डोरोथिआ लँग यांचं थकलेल्या आईचं आणि तिच्या मुलांचं प्रसिद्ध छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल. ते १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात, याच सरकारी कामाच्या निमित्ताने काढलेलं आहे. १९४६ मध्ये हा विभाग मोडून फार्मर्स होम ॲडमिनिस्ट्रेशन आलं. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं खेड्यातलं सरकारी कर्ज म्हणजे हीच कचेरी.

तर घराचं काम शेतीखात्याकडे का, याचं साधं उत्तर हे आहे. खेड्यात पोचलेली, शेतकऱ्याला ओळखणारी आणि कर्जाचे हिशेब ठेवता येणारी दुसरी सरकारी यंत्रणा नव्हती.

१९४९: घर मिळेल, पण आधी जमीन दाखवा

१५ जुलै १९४९ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी गृहनिर्माण कायद्यावर सही केली. प्रत्येक अमेरिकी कुटुंबाला चांगलं घर मिळावं, हे उद्दिष्ट त्या कायद्यात लिहिलेलं आहे. त्याच्या पाचव्या भागात ग्रामीण घरांचं कलम आहे, कलम ५०२. आजही त्या कर्जाला कलमाच्या आकड्यानेच ओळखतात. मुदत ३३ वर्षं, व्याज चार टक्क्यांपर्यंत, आणि पैसे थेट सरकार देणार. इथे सरकार जामीनदाराच्या जागी न बसता सावकाराच्या जागी बसलं होतं.

पण हे कर्ज कुणाला? शेताच्या मालकाला. मालकाने स्वतःचं घर बांधावं, दुरुस्त करावं. हवं तर आपल्या कुळांसाठी, मजुरांसाठीही बांधावं. म्हणजे मजुराला घर मिळू शकत होतं, पण ते मालकाच्या नावावर, मालकाच्या जमिनीवर. नोकरी गेली की घर गेलं. प्रत्येक कुटुंबाला घर म्हणणाऱ्या कायद्याने खेड्यात दारातच प्रश्न विचारला: जमीन आहे का?

इथे आपल्या लोकांचा एक धागा येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पंजाबातून गेलेली माणसं कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यांत शेती करत होती. १९१३ च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने, ज्यांना नागरिक होता येत नाही अशा परदेश्यांना शेतजमीन घेण्याची बंदी केली. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस नागरिकत्वाला पात्र नाही. मग उरलं काय? दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर शेती करायची. १९४६ मध्ये कायदा बदलला आणि भारतीयांना नागरिकत्व खुलं झालं. इम्पीरियल खोऱ्यात शेती करणारे दलिपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये थेट अमेरिकी संसदेवर निवडून गेले. पण हिशेब पाहा. १९४६ पूर्वीची सगळी वर्षं, वीस-तीस वर्षं जमीन कसूनही, मालक असल्याचा कागद ज्यांना मिळू शकत नव्हता ती ही माणसं. मालकीला अट केली की जुना अन्याय नव्या योजनेत आपोआप येऊन बसतो. त्यासाठी नव्या कायद्यात एकही वाईट शब्द लिहावा लागत नाही.

टुलारे काऊंटी: पत्र्याच्या खोल्या आणि गोशेनची घरं

आता एका काऊंटीत जाऊ. कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात टुलारे नावाची काऊंटी आहे. मुख्य गाव व्हिसेलिया. पूर्वेला सेकोयाचे महावृक्ष, पश्चिमेला सपाट काळीभोर शेती. संत्री, द्राक्षं, कापूस, दूध. देशातल्या सगळ्यात जास्त शेतमाल पिकवणाऱ्या काऊंट्यांत तिचं नाव वर असतं. आणि गरिबांच्या यादीतही तिचं नाव वरच असतं. पिकवणारा आणि पिकाचा मालक वेगळे असले की असं होतं.

मंदीच्या काळात ओक्लाहोमा, टेक्सास इकडून उद्ध्वस्त झालेली कुटुंबं इथे मजुरीला आली. त्यांच्यासाठी सरकारने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात छावण्या बांधल्या. टुलारे काऊंटीतल्या लिनेल आणि वुडव्हिल इथल्या छावण्यांत एकेका खोलीची पत्र्याची घरं होती. तात्पुरती सोय म्हणून बांधलेल्या या खोल्यांत जवळजवळ तीस वर्षांनीही माणसं राहत होती. आता ती मुख्यतः मेक्सिकन वंशाची शेतमजूर कुटुंबं होती. उन्हाळ्यात पारा चाळिशीला जातो अशा खोऱ्यात, पत्र्याखाली. १९६५ मध्ये या खोल्यांचं भाडं वाढवलं, तेव्हा रहिवाशांनी भाडं बंद आंदोलन केलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेजारच्या केर्न काऊंटीतल्या डेलानोला द्राक्षमजुरांचा प्रसिद्ध संप सुरू झाला.

दरम्यान वॉशिंग्टनमध्ये एक छोटा बदल झाला होता. १९६१ च्या गृहनिर्माण कायद्याने कलम ५०२ चं कर्ज शेताचे मालक नसलेल्या ग्रामीण रहिवाशांनाही खुलं केलं. बारा वर्षांनी दाराची पहिली कडी निघाली. पण कडी निघाली म्हणून मजुराला कर्ज थोडंच मिळतं? घर विकत घ्यायचं तर किंमत परवडायला हवी, आणि बांधून घ्यायचं तर ठेकेदाराची मजुरी द्यायला हवी.

क्वेकर पंथीयांची अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी ही संस्था टुलारे काऊंटीत शेतमजुरांमध्ये काम करत होती. त्यांच्याजवळ एक जुना अनुभव होता. १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या फेएट काऊंटीत, बेकार झालेल्या कोळसा खाणकामगारांच्या पन्नास कुटुंबांची पेन-क्राफ्ट नावाची वस्ती त्यांनी उभी केली होती. तिथे कुटुंबांनी एकमेकांच्या मदतीने आपली दगडी घरं स्वतः बांधली. तोच विचार त्यांनी टुलारेत आणला. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडे हात आहेत. घराच्या खर्चातला मजुरीचा मोठा भाग कुटुंबाने स्वतः उचलला तर कर्ज तेवढं लहान होतं. आगाऊ रकमेच्या जागी अंगमेहनत धरायची.

फार्मर्स होम ॲडमिनिस्ट्रेशनची समजूत घालून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिसेलियाजवळच्या गोशेन या छोट्या वस्तीत पहिली तीन घरं उभी राहिली. दिवसा दुसऱ्याच्या शेतात राबायचं, संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी आपल्या घराची भिंत उभी करायची. १९६५ मध्ये या कामासाठी सेल्फ-हेल्प एंटरप्रायझेस ही संस्था व्हिसेलियात स्थापन झाली. ती आजही काम करते. तिच्या मदतीने त्या खोऱ्यात सहा हजारांहून जास्त कुटुंबांनी आपापली घरं बांधली आहेत.

पद्धत अशी आहे. साधारण आठ ते बारा कुटुंबांचा गट करतात. प्रत्येकाचं कर्ज वेगळं, कागद वेगळा, पण काम सगळ्यांनी सगळ्यांच्या घरांवर करायचं. घराच्या कामातली सुमारे ६५ टक्के मेहनत कुटुंबांची असते. वायरिंग, नळकाम अशी कसबी कामं जाणकार करतात, आणि एक बांधकाम पर्यवेक्षक शिकवायला असतो. आणि एक नियम: गटातली सगळी घरं पूर्ण होईपर्यंत कुणीही राहायला जायचं नाही. आपल्याकडच्या सावडीची आठवण झाली ना? आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. देशभरात या पद्धतीने बांधलेल्या घरांची संख्या पन्नास हजारांच्या वर गेली आहे.

एक टक्का

१९६८ हे साल या इतिहासात फार महत्त्वाचं आहे. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि आठवडाभरात घरांच्या विक्रीत आणि भाड्यात वंशभेद करायला बंदी घालणारा कायदा मंजूर झाला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने ग्रामीण कर्जात दोन गोष्टी आणल्या. स्वतः घरं बांधणाऱ्या गटांना मार्गदर्शन करणाऱ्या संस्थांसाठी कायमचं अनुदान, आणि गरीब कुटुंबांसाठी व्याजात सवलत. उत्पन्न कमी असेल तर कुटुंबाला पडणारं व्याज एक टक्क्यापर्यंत खाली येऊ शकत होतं.

एक टक्क्याने काय होतं? आपण एक साधा हिशेब मांडू. समजा दहा हजार डॉलरचं कर्ज आहे, मुदत ३३ वर्षं. व्याज सात टक्के असेल तर महिन्याचा हप्ता सुमारे ६५ डॉलर पडतो. व्याज एक टक्का असेल तर तोच हप्ता सुमारे ३० डॉलर. घर तेच, कर्ज तेवढंच, हप्ता निम्म्याहून कमी. पत्र्याच्या खोलीच्या भाड्याएवढ्या पैशात स्वतःचं घर, अशी ही गोष्ट होती.

कर्ज थेट सरकारचं असल्याने आणखीही काही गोष्टी शक्य होत्या. आजारपण आलं, काम गेलं, तर हप्ते दोन वर्षांपर्यंत थांबवता येतात. उलट बाजूलाही नियम आहेत. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून असं ठरलं की घर विकलं आणि किंमत वाढली असेल, तर मिळालेल्या व्याजसवलतीचा काही भाग सरकारला परत द्यायचा. आणि सगळ्यात गमतीचा नियम: दुसरीकडे वाजवी अटींवर कर्ज मिळत नाही, हे आधी दिसायला हवं. म्हणजे बँकेने नाही म्हणणं हीच पात्रता. पुढे परिस्थिती सुधारली आणि बँक हो म्हणाली, तर सरकारी कर्ज फेडून बँकेकडे जायचं. मला हा नियम फार शहाणा वाटतो. सरकारी पैसा तिथे, जिथे दुसरा कुणी येत नाही.

१९७३ च्या जानेवारीत निक्सन सरकारने सवलतीच्या गृहयोजना थांबवल्या, पण ही योजना पुढे पुन्हा सुरू झाली. १९७० च्या दशकात थेट कर्जं वर्षाला लाखाच्या घरात गेली. सुरुवातीपासून आजवर वीस लाखांहून जास्त कुटुंबांनी या थेट कर्जातून घर घेतलं आहे.

कागद आणि कचेरी

हे चित्र इथेच सोडलं तर ते खोटं ठरेल. पैसा वॉशिंग्टनचा होता, पण अर्ज काऊंटीच्या कचेरीत जात होता. १९४९ च्या कायद्यात काऊंटीतल्या तीन जणांच्या समितीची तरतूद होती, आणि तिच्यात स्थानिक शेतकरी असत. दक्षिणेकडच्या राज्यांत हे शेतकरी म्हणजे गोरे जमीनमालक. १९६५ मध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने शेतीखात्याच्या कार्यक्रमांवर अहवाल दिला. त्यात फार्मर्स होम ॲडमिनिस्ट्रेशनच्या कर्जांतला भेदभाव नोंदला आहे. गोऱ्या शेतकऱ्यांना शेत वाढवायला कर्ज, कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना जेमतेम जगण्यापुरतं. शेतीकर्जातल्या भेदभावाचा खटला शेवटी १९९९ मध्ये तडजोडीने मिटला. तो पिगफर्ड खटला म्हणून ओळखला जातो.

दुसरा अडथळा कागदाचा होता, आणि हा आपल्याला फार जवळचा वाटेल. गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेतल्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांनी पै-पै जोडून जमिनी घेतल्या. न्यायालयावर, वकिलांवर विश्वास नाही, म्हणून मृत्युपत्रं झाली नाहीत. आजोबा गेले, जमीन सगळ्या मुलांची झाली. मुलं गेली, नातवंडांची. काही पिढ्यांत एका तुकड्याला पन्नास वारस, निम्मे दूरच्या शहरांत. कसणारा एक, पण एकट्याच्या नावावर काही नाही. स्वच्छ मालकी दाखवता येत नाही, म्हणून तारण ठेवता येत नाही, म्हणून घरासाठी कर्ज नाही. ज्यांनी दीडशे वर्षं जमीन टिकवली त्यांना कागदाने अडवलं. आपल्या सामायिक खात्यांची आणि कधीच न झालेल्या वाटण्यांची कथा याहून फारशी वेगळी नाही.

पुन्हा जामीनदार

१९९० मध्ये या योजनेला दुसरी शाखा फुटली. सरकारने थेट कर्ज देण्याबरोबरच, बँकेने दिलेल्या ग्रामीण गृहकर्जाला हमी द्यायला सुरुवात केली. १९९४ मध्ये शेतीखात्याची फेरमांडणी झाली, जुनी फार्मर्स होम ॲडमिनिस्ट्रेशन गेली आणि ग्रामीण घरांसाठी रूरल हाऊसिंग सर्व्हिस आली. तुमचे नातेवाईक ज्या कर्जाबद्दल सांगतात ते बहुधा हे हमीचं कर्ज. आगाऊ रक्कम शून्य. कर्ज बुडालं तर सरकार बँकेला ९० टक्क्यांपर्यंत हमी देतं. त्यासाठी कर्जाच्या एक टक्का शुल्क सुरुवातीला आणि दरवर्षी शिल्लक रकमेवर ०.३५ टक्के शुल्क, असे अलीकडच्या वर्षांतले दर आहेत. उत्पन्नाची मर्यादा त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या ११५ टक्के. थेट कर्जाची मर्यादा मात्र ८० टक्के.

हे दोन आकडे शेजारी ठेवा. ११५ आणि ८०. हमीचं कर्ज मध्यमवर्गासाठी आहे. त्याचं व्याज बाजाराचं असतं, एक टक्क्याची सवलत त्यात नाही. सरकारला ते स्वस्त पडतं, कारण शुल्कातून बराच खर्च निघतो. थेट कर्जाला मात्र दरवर्षी अंदाजपत्रकातून पैसा लागतो. मग जे व्हायचं तेच झालं. २०१० च्या दशकात हमीची कर्जं वर्षाला लाखाच्या आसपास किंवा त्याहून जास्त होती. थेट कर्जं दहा हजारांच्याही खाली आली. योजना बंद झाली नाही, कायदा बदलला नाही, कलमाचा आकडाही तोच राहिला. फक्त वजन एका पारड्यातून दुसऱ्या पारड्यात गेलं.

हमी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. शिक्षिका, परिचारिका, गॅरेज चालवणारा, अशा हजारो कुटुंबांना तिने घर दिलं, आणि आगाऊ रक्कम नसल्यामुळेच दिलं. पण तिथे पहिला निर्णय बँक घेते. बँक जिथे पाऊल टाकायला तयारच नाही, तिथे हमी पोचत नाही. १९३४ मध्ये नेमकं हेच झालं होतं, आणि म्हणूनच १९४९ चं थेट कर्ज आणावं लागलं होतं.

‘खेडं’ या शब्दाचंही असंच झालं. पूर्वी काही हजार वस्तीचं गाव म्हणजे खेडं. मग मर्यादा दहा हजारांवर गेली, काही अटींवर वीस हजारांवर. २०१४ च्या शेती कायद्याने, आधीपासून पात्र असलेल्या गावांना ३५ हजार वस्तीपर्यंत पात्र राहू दिलं. त्यामुळे आज शहराच्या कडेची कितीतरी उपनगरं नकाशावर ‘ग्रामीण’ आहेत. आणि टुलारेसारख्या काऊंटीत द्राक्षं खुडणारा, पण राहण्याचे कायदेशीर कागद नसलेला मजूर, तो खेड्याच्या मधोमध राहत असूनही या कर्जाच्या बाहेर आहे.

आपल्यासाठी यात काय

आपल्याकडे ग्रामीण घरांची वाट वेगळी आहे. १९८५ पासूनची इंदिरा आवास योजना आणि २०१६ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण, या दोन्ही अनुदानाच्या योजना. कर्ज दुय्यम. पण दारातले प्रश्न तेच आहेत. अनुदान मिळालं, पण बांधायला जागा कुठे आहे? घर पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण गावठाणातल्या त्या घराचा मालकीचा कागद कुठे आहे? २०२० मध्ये सुरू झालेली स्वामित्व योजना, ड्रोनने गावठाणं मोजून मालमत्ता पत्रक देणारी, या दुसऱ्या प्रश्नावरच काम करते आहे. पत्रक हातात आलं की बँक घर तारण म्हणून पाहू लागते. भूमिहीनाच्या हातात मात्र ते पत्रक येत नाही, कारण मोजायला त्याच्याकडे जागाच नाही.

अमेरिकेच्या नव्वद वर्षांतून मी एवढंच घेतो. अशी कुठलीही योजना जाहीर झाली की व्याजदर आणि एकूण रक्कम यांच्या बातम्या येतात. त्या जरूर वाचा. पण त्याआधी अर्जाचा पहिला रकाना वाचा. तिथे सातबारा मागितला आहे, की पगाराची चिठ्ठी, की बँकेचा होकार? जो कागद मागितला असेल, तो ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी ती योजना नाही, मग तिचं नाव काहीही असो. गोशेनमध्ये त्या रकान्यात काही काळ माणसाची मेहनत लिहिता आली. तीस वर्षांच्या पत्र्याच्या खोल्यांनंतर त्यातूनच घरं उभी राहिली.

पुढच्या भागात आपण याच्याच उलट बाजूकडे जाऊ: २००८ मध्ये, कुणालाही कर्ज देत सुटलेल्या बँकांचं काय झालं. तोपर्यंत प्रश्न लिहीत राहा.